माझ्याकडे तर चालू आहे

आई व्हिडिओ कॉलवर ताईशी बोलत होती आणि ताईचा चेहरा बोलता बोलताच थिजला. ओठ अर्धवट उघडे, एक हात हवेत, आणि मधोमध फिरणारं ते गोल चक्र. आईने टॅबलेट आधी उंच धरला, मग खिडकीकडे वळवला, "येतोय का गं आवाज?" असं विचारत राहिली. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला माझी लेक पाय पोटाशी घेऊन फोनमध्ये काहीतरी बघत होती. आईने तिला विचारलं, "नेट गेलं का गं?" तिने मान वर न करता सांगितलं, "माझ्याकडे तर चालू आहे, आजी." बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता. जे होतं तेच तिने सांगितलं. पण त्यानंतर आईने टॅबलेट पालथा करून मांडीवर ठेवला आणि स्वतःशीच म्हणाली, "मग माझंच काहीतरी चुकलं असेल." ते वाक्य रात्री झोपताना पुन्हा आठवलं, आणि सकाळी उठल्यावरही.

तिचं काहीच चुकलं नव्हतं.

बिघाड शोधणाऱ्यासाठी "माझ्याकडे चालू आहे" ही माहिती खरं तर फार मोलाची असते. एकाच वायफायवर एकीकडे चालू आणि दुसरीकडे बंद, म्हणजे बाहेरून येणारी लाइन शाबूत आहे, मोडेम शाबूत आहे, कंपनीला फोन लावून तासभर ताटकळायची गरज नाही. अर्धी शोधाशोध तिथेच वाचते. घरात मात्र ते वाक्य शोधाची सुरुवात म्हणून कुणी उच्चारत नाही. ते उच्चारलं की विषय मिटतो, आणि ज्याचं बंद आहे तो माणूस एकटा पडतो. वयस्कर माणसं तर लगेच दोष स्वतःकडे घेतात. माझी आई शिवणयंत्र पूर्ण उघडून, तेल घालून, पुन्हा जोडणारी बाई आहे. यंत्राला ती कधी घाबरली नाही. यंत्राचा कुठला भाग कुठल्या भागाला हलवतो ते डोळ्यांना दिसलं की ती बिनधास्त हात घालते. इथे तिला दिसायला काही नव्हतंच. होती फक्त काच, आणि काचेमागे थांबलेली मुलगी.

टॅबलेटवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. ह्या रेघांनी घराघरांत जितका गैरसमज पसरवला आहे तितका क्वचितच कशाने पसरवला असेल. त्या एवढंच सांगतात की ह्या यंत्राला राउटरचा रेडिओ सिग्नल किती जोरात ऐकू येतोय. राउटरच्या पलीकडे काय चाललंय ह्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. राउटरला बाहेरून येणारी केबल उपटून ठेवली, तरी रेघा तशाच भरलेल्या राहतील. मी आधी लॅपटॉप उघडला आणि पिंग करून पाहिलं. हा छोटासा प्रोग्राम माइक म्यूस नावाच्या माणसाने डिसेंबर १९८३मध्ये लिहिला. तो अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करायचा, तिथल्या नेटवर्कमध्ये काहीतरी विचित्र घडत होतं, आणि ते नेमकं कुठे घडतंय हे कळावं म्हणून त्याने एका रात्रीत तो लिहून काढला. एक पॅकेट, म्हणजे माहितीची छोटीशी पुडी, पाठवायचं, समोरच्याने ते परत करायचं, मध्ये किती वेळ गेला ते मोजायचं. इतकं साधं, आणि चाळीस वर्षांनंतरही पहिला हात त्याच्याकडेच जातो. आधी घरातल्या राउटरला हाक, मग बाहेरच्या ८.८.८.८सारख्या एखाद्या आकडी पत्त्याला, मग एखाद्या साइटच्या नावाला. राउटरने ओ दिली आणि बाहेरून काहीच आलं नाही, तर लाइन किंवा मोडेम. आकड्याने ओ दिली पण नावाने दिली नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा. एकेक पायरी पुढे जायचं आणि जिथे शांतता लागेल तिथे थांबायचं. मला ही पद्धत मनापासून आवडते. तिच्यात कुणावर आवाज चढवावा लागत नाही.

लॅपटॉपवर सगळ्या पायऱ्यांवर उत्तर आलं. म्हणून मग आईचा टॅबलेट आणि लेकीचा फोन मी शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर वायफायच्या नावावर बोट दाबून आतली माहिती उघडली. नाव एकच, पासवर्ड एकच, रेघा दोन्हीकडे भरलेल्या. पण फोनवर गेटवे म्हणून लिहिलं होतं १९२.१६८.१.१, आणि टॅबलेटवर १९२.१६८.०.१. एका आकड्याचा फरक. गेटवे म्हणजे घराबाहेर जायचा दरवाजा. आई आणि नात एकाच सोफ्यावर बसून दोन वेगळ्या दरवाज्यांकडे तोंड करून होत्या, आणि आईच्या दरवाज्यामागे भिंत होती.

त्या शून्याकडे बघताना मला बिघाडाआधी ताईच आठवली. १९२.१६८.०.१ हा एके काळी ताईच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचा आकडा होता. तेव्हा घरात राउटर नव्हता. तिच्या कॉम्प्युटरला मोडेम जोडलेला होता, आणि माझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरपर्यंत भिंतीच्या कडेकडेने एक करड्या रंगाची केबल ओढलेली होती. ती साधी केबल चालायची नाही, क्रॉसओव्हर लागायची. दोन कॉम्प्युटर थेट जोडायचे तर एकाच्या बोलण्याच्या तारा दुसऱ्याच्या ऐकण्याच्या तारांना जोडाव्या लागत, नाहीतर दोघेही एकाच तारेवर बोलत बसणार आणि ऐकणार कुणीच नाही. पुढे यंत्रंच इतकी शहाणी झाली की तारा उलट्या आहेत की सुलट्या हे आपलं आपण ओळखून घेऊ लागली, आणि त्या केबलचं नावही विस्मरणात गेलं. १९९९मध्ये विंडोज ९८ची दुसरी आवृत्ती आली तिच्यात 'इंटरनेट कनेक्शन शेअरिंग' नावाची सोय होती. ती चालू केली की मोडेमवाला कॉम्प्युटर स्वतःला १९२.१६८.०.१ हा पत्ता घ्यायचा आणि बाकीच्यांचं बाहेरचं सगळं येणंजाणं स्वतःमधून करू द्यायचा. अट एकच. तो कॉम्प्युटर चालू असायला हवा.

म्हणजे माझं इंटरनेट ताईच्या जागं राहण्यावर होतं. रात्री भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा, "बंद करू का गं?" आणि मी ओरडायचे, "पाचच मिनिटं!" तिच्या खोलीत पंख्याची घरघर, मॉनिटरचा निळसर उजेड, आणि ती पांघरूण डोक्यावर ओढून पडलेली. कधी ती चिडलेली असायची, तेव्हा न विचारता बंद करायची, आणि माझ्या पडद्यावर पान अर्ध्यात थांबायचं. मी रागाने दार वाजवायचे. आज ते आठवतं तेव्हा तो राग आठवत नाही. ते वाटून घेणं डोळ्यांना दिसायचं, हे आठवतं. माझं का थांबलं हे मला नेमकं ठाऊक असायचं, आणि कुणाचं थांबेल हे तिलाही ठाऊक असायचं. पुढे हे सगळं काम कपाटावरच्या एका डबीने स्वतःकडे घेतलं. भांडणं कमी झाली हे खरं. पण कोण कुणामुळे जोडलेलं आहे हे दिसायचं बंद झालं, आणि ह्याचं मला अजून नीटसं बरं वाटत नाही.

हे १९२.१६८वालं प्रकरण म्हणजे मुळात टंचाईतून काढलेली वाट आहे. इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे जगात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य. हे पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मे १९९४मध्ये आरएफसी १६३१ ह्या टिपणात (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती मांडणाऱ्या टिपणांची क्रमांकवार मालिका) एक युक्ती मांडली गेली. आतले पत्ते ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा वापरायचे, आणि सीमेवरच्या यंत्राने बाहेर जाताना ते बदलून कुणाचं काय आहे त्याची नोंद ठेवायची. ते लिहिणाऱ्यांनी स्वतःच तिला तात्पुरता उपाय म्हटलं होतं. फेब्रुवारी १९९६मध्ये आरएफसी १९१८ने काही पत्ते फक्त घरगुती आणि आतल्या वापरासाठी राखून ठेवले, १९२.१६८ने सुरू होणारे त्यांतलेच. ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक साठ्यातले शेवटचे पत्ते वाटून संपले, आणि तो तात्पुरता उपाय अजूनही घरोघरी कामावर आहे. आमच्या घरातून बाहेर पडणारं प्रत्येक पॅकेट राउटर थांबवतो, त्यावरचा आतला पत्ता काढून स्वतःचा घालतो, सोबत एक पोर्ट क्रमांक, म्हणजे ओळखीचा आकडा, देतो आणि वहीत टिपून ठेवतो. उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला पोचतं करतो. आईचा कॉल, लेकीचा अभ्यास, माझं काम, सगळं बाहेरून एकाच घराचं दिसतं. जगातल्या असंख्य घरांत ह्या घटकेला एक १९२.१६८.१.१ आहे आणि त्यातल्या कुणालाच दुसऱ्याचा पत्ता नाही, ह्या विचाराने मला दर वेळी थोडं भरून येतं.

तर मग आमच्या घरात दुसरा दरवाजा आला कुठून?

मागच्या खोलीतल्या कपाटावरून. आई-बाबांच्या खोलीत वायफाय नीट पोचत नव्हतं, मध्ये दोन जाड भिंती. आईला ताईशी बोलायला दर वेळी बाहेर यावं लागायचं, आणि तिचे गुडघे दुखतात. म्हणून बाबांनी पूर्वीचा राउटर शोधून काढला, फडक्याने पुसला, बाहेरच्या राउटरपासून खोलीपर्यंत केबल ओढली आणि तो चालू केला. वायफायचं नावही त्यांनी तेच दिलं, म्हणजे आईला काही बदलावं लागू नये. काम नेटकं केलं होतं. केबल दाराच्या चौकटीवरून नेऊन खिळ्यांनी व्यवस्थित बसवलेली. आणि आईच्या खोलीत सिग्नल खरंच आला.

पण कुठल्याही राउटरकडे आणखी एक काम असतं, डीएचसीपीचं, म्हणजे घरातल्या यंत्रांना पत्ते वाटायचं. नवीन यंत्र घरात आलं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतं, मला पत्ता कोण देईल? राउटर म्हणतो, हा घे. यंत्र म्हणतं, ठीक, हाच घेतो. राउटर म्हणतो, दिला. चार वाक्यांचा व्यवहार, एका क्षणाच्या आत उरकणारा. पत्त्याबरोबरच गेटवेही सांगितला जातो. आमच्या घरात आता त्या प्रश्नाला दोघे जण उत्तर देत होते, आणि बहुतेक यंत्रं ज्याचं उत्तर आधी येईल ते धरून चालतात. बाहेरच्या राउटरचं उत्तर आधी पोचलं की सगळं ठीक. मागच्याचं पोचलं की पत्ता मिळायचा, रेघा भरायच्या, आणि पुढे काहीच नाही, कारण त्या जुन्या राउटरला स्वतःची बाहेरची लाइनच नव्हती. कुणी विचारलं तर उत्तर द्यायचं एवढंच त्याला शिकवलेलं, आणि तो ते प्रामाणिकपणे करत होता.

म्हणूनच बिघाड फिरता होता. पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीचा असतो, आणि साधारण अर्धी मुदत झाली की यंत्र ज्याने दिला त्याच्याकडेच तो वाढवून मागतं. त्यामुळे लेकीचा फोन जुन्या ओळखीवर निर्धास्त चालू होता. आईचा टॅबलेट तिच्या खोलीत, मागच्या राउटरच्या जवळ चालू-बंद व्हायचा, म्हणून फटका बहुतेक वेळा तिलाच. आणि कुणी वैतागून बाहेरचा राउटर रीस्टार्ट केला की तो उठेपर्यंत मागचा एकटाच उत्तरं देत बसायचा. एकाचं सुरू व्हायचं, दुसऱ्याचं बंद पडायचं. ज्याचं सुरू झालं तो सांगायचा, "बघ, रीस्टार्ट केलं की होतं." राउटर बंद-चालू करणं ह्या उपायाबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. त्याने कधी कधी बरं वाटतं, पण काय झालं होतं ते कळायच्या आत पुरावा पुसला जातो. आईच्या बाबतीत तर ते इतके दिवस "तिला नीट वापरता येत नाही" ह्या समजुतीखाली दडून राहिलं.

दुरुस्ती छोटी होती. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याची डीएचसीपीची खूण काढायची. त्याला स्वतःला १९२.१६८.१ ह्याच मालिकेतला एक पत्ता द्यायचा, बाहेरचा राउटर इतरांना वाटतो त्या पत्त्यांपलीकडचा. केबल दोन्हीकडे लॅनच्या, म्हणजे घरातल्या यंत्रांसाठीच्या, पोर्टमध्येच राहू द्यायची. मग तो पत्ते वाटायचं सोडून नुसता वायफाय पुढे नेणारा होतो. अवघड गेलं ते बाबांना सांगणं. त्यांना वाटू नये की त्यांनी लावलेल्या गोष्टीने आईचे कॉल तुटत होते, आणि ते खोटंही सांगायचं नव्हतं. मी त्यांना दोन्ही पडदे शेजारी ठेवून दाखवले, एक आणि शून्य. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे दोघंही देत होते होय," आणि चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलं हे मला दिसलं. पण नेमकं कळल्याचं एक समाधानही होतं, आणि ते मी आईच्या चेहऱ्यावर जास्त पाहिलं. तिने विचारलं, "म्हणजे मी बटणं बरोबर दाबत होते?" हो म्हटल्यावर तिने टॅबलेट माझ्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला.

गोष्ट तिथे संपली असती, पण काही दिवसांनी कॉल पुन्हा अडखळू लागले. ह्या वेळी पूर्ण तुटायचे नाहीत, आवाज मागेपुढे व्हायचा, ताई आईच्या वाक्यावर उशिरा हसायची. आणि हे नेमकं लेक शाळेच्या प्रकल्पाचे व्हिडिओ अपलोड करायला लावायची तेव्हाच. घरात लगेच कुजबुज सुरू झाली की तीच सगळं नेट खाते. तिचा चेहरा पडला, कारण ती तिचं कामच करत होती.

मी अपलोड चालू असतानाच पिंग लावून ठेवलं. एरवी वीस-पंचवीस मिलिसेकंदांत येणारं उत्तर सेकंदभर रेंगाळू लागलं. अपलोड थांबवलं की पुन्हा वीस. हा आजार जुना आहे. ऑक्टोबर १९८६मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं विद्यापीठ ह्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला होता, अंतर जेमतेम ४०० यार्ड असताना. तिथल्या व्हॅन जेकबसन ह्या संशोधकाने त्याच्या मुळाशी जाऊन गर्दी झाली की पाठवणाऱ्याने मागे कसं सरायचं ह्याच्या रीती बसवल्या. त्या रीतींमध्ये एखादं पॅकेट गळून पडलं की पाठवणारा समजतो, गर्दी आहे, हळू जाऊ. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि मोडेम-राउटर बनवणाऱ्यांनी त्यांत मोठमोठे बफर, म्हणजे पॅकेट्स थांबवून ठेवायच्या जागा, घातले, एकही पॅकेट पडू नये म्हणून. हेतू चांगला. पण पॅकेट पडलंच नाही तर गर्दीची खबरच जात नाही, आणि बफरमध्ये रांग वाढत राहते. २०१०च्या सुमारास जिम गेटिस ह्या अनुभवी प्रोग्रामरला आपल्या घरच्याच लाइनवर हे दिसलं आणि त्याने त्याचा पिच्छा पुरवला. त्याला आता बफरब्लोट म्हणतात. लेकीच्या व्हिडिओची हजारो पॅकेट्स रांगेत, आणि त्यांच्या मागे आईच्या आवाजाचं एक इवलंसं पॅकेट आपला नंबर येईपर्यंत उभं. बोलण्यातला उशीर एका बाजूने दीडशे मिलिसेकंदांच्या आत असला तर माणसांना फारसा जाणवत नाही. इथे तो कितीतरी पट होता.

ह्यावरचा उपाय मला फार न्यायाचा वाटतो. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन ह्यांनी कोडेल नावाची रीत मांडली. रांग किती लांब आहे ते न बघता पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघायचं, आणि तो वेळ सतत पाच मिलिसेकंदांच्या वर राहू लागला की एखादं पॅकेट मुद्दाम पाडून पाठवणाऱ्याला सावध करायचं. त्याला प्रत्येकाची वेगळी रांग करण्याची जोड मिळाली, आणि २०१८मध्ये ती आरएफसी ८२९० म्हणून आली. बऱ्याच राउटरमध्ये ती आता एसक्यूएम किंवा अशाच कुठल्या नावाखाली असते. चालू करायची आणि वेगाची मर्यादा लाइनच्या खऱ्या वेगापेक्षा थोडी कमी लिहायची, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, जिथे तिच्याकडे बघणारं कुणी आहे. अपलोडला पूर्वीपेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. आईचं वाक्य मात्र थांबत नाही. लेकीला मी पिंगचे आकडे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मग माझ्यामुळे नव्हतंच ना?" तिच्या आजीने विचारला होता तोच प्रश्न, दुसऱ्या शब्दांत. एका घरात दोन माणसांनी दोन वेगवेगळ्या बिघाडांचा दोष स्वतःवर घेतला होता आणि दोन्हींची कारणं कपाटांवरच्या डब्यांत होती, हे मला अजून टोचतं.

एक काम बाकी आहे. मागच्या खोलीची केबल सेकंदाला १००० मेगाबिटांऐवजी १००च्याच वेगाने जोडते. आत तारांच्या चार जोड्या असतात. शंभरला दोन पुरतात, हजाराला चारही लागतात, म्हणजे कुठेतरी एखादी तार सुटली असणार. दाराच्या चौकटीपाशी जिथे ती वळते तिथलाच संशय आहे, आणि एका टोकाची प्लास्टिकची क्लिपही तुटली आहे. ते टोक कापून नवी पिन लावायचं काम बाबांनी मागून घेतलंय. रंगांचा क्रम त्यांनी कागदावर लिहून घेतला आहे, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, आणि तो कागद आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवलाय, कारण तारा सरळ करायला तिची बारीक कात्री लागणार आहे असं ती म्हणते.